डोंग्यावर सोलर पॅनल आणि बॅटरी: निवड, जोडणी आणि बिघाड

वैनगंगेवरचा गोसीखुर्द असो, गाढवीवरचा इटियाडोह असो की भंडारा-गोंदियातला एखादा माजी मालगुजारी तलाव, पहाटे अंधारात जाळी पाहायला निघणाऱ्या डोंग्यावर तीन गोष्टी हव्याच असतात: उजेड, मोबाइलचं चार्जिंग आणि बुडाशी साचलेलं पाणी उपसणारा छोटा पंप. यासाठी १२ व्होल्टची एक बॅटरी आणि तिला भरणारं एक लहान पॅनल पुरतं. सामान तालुक्याच्या गावी मिळतं, नाहीतर नागपूरला सीताबर्डीत नक्की मिळतं. पण पाण्यावर ही व्यवस्था बंद पडते ती पॅनलमुळे क्वचितच. बारीक वायर, ढिला जोड, नसलेला फ्यूज आणि पॅनलवर पडणारी सावली या चार गोष्टी तिला बंद पाडतात. म्हणून खाली पॅनलपेक्षा वायरीबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी डोंगा कोणता ते पाहा. फायबरचा किंवा पत्र्याचा, दोन-तीन माणसं ऐसपैस बसतील असा १४ ते १८ फुटी डोंगा असेल तर पुढचं सगळं लागू पडतं. एकट्याचा अरुंद लाकडी डोंगा, थर्माकोलचा तराफा किंवा ट्यूब असेल तर त्यावर पॅनल बसवूच नका. पॅनल वाऱ्याला धरतं, आणि वर ठेवलेल्या दर किलोमागे अरुंद डोंगा जास्त कलतो. अशा वेळी पॅनल काठावरच्या झोपडीच्या छपरावर लावा, बॅटरी तिथेच भरा आणि निघताना पिशवीत घालून न्या. तीन किलोची लिथियम बॅटरी न्यायला जड नाही. जोडणी तीच, फक्त जागा बदलते.

हिशेब

एका रात्रीत काय काय चालतं ते कागदावर मांडा. ५ वॉटचे दोन एलईडी पाच तास चालले तर ५० वॉट-तास. दोन मोबाइल, प्रत्येकी साधारण १५ वॉट-तास, म्हणजे ३०. ३० वॉटचा पंप सगळा मिळून वीस मिनिटं चालला तर १०. झाले ९०. वायर, कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीमध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा डबा) आणि बॅटरी यांच्यात काही जातं, ते धरून ११० वॉट-तास पकडा.

आता पॅनल. आपल्याकडे ऊन सकाळी सातपासून दिसतं, पण दुपारच्या कडक उन्हाच्या मापाने मोजलं तर वर्षाची सरासरी दिवसाला पाच तासांच्या आसपास भरते. एप्रिल-मेमध्ये ती सहाच्या वर जाते, जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत तीनवर येते. डोंग्यावर पॅनल आडवं असतं, तापतं, त्यावर धूळ बसते. त्यामुळे लेबलवरच्या आकड्याच्या ७० टक्केच धरा. ५० वॉटचं पॅनल: ५० × ५ × ०.७ = १७५ वॉट-तास. गरज ११०ची, म्हणजे आरामात भागलं. पावसाळ्यात ५० × ३ × ०.७ = १०५, म्हणजे थोडं कमी पडलं. श्रावणातही रोज डोंगा चालवायचा असेल तर ७५ वॉट घ्या. १०० वॉटचं पॅनल साधारण तीन फूट बाय सव्वादोन फूट असतं आणि वजन सात-आठ किलो. ते रुंद फायबर बोटीवरच शोभतं.

विकत घेताना टेप सोबत ठेवा. आजच्या चांगल्या मोनो पॅनलमधून चौरस फुटाला १५ ते १८ वॉट निघतात. म्हणजे ५० वॉटच्या पॅनलला किमान तीन चौरस फूट जागा लागणारच. दोन फूट बाय दीड फुटाच्या तुकड्यावर ‘१०० वॉट’ लिहिलेलं असेल तर ते लेबल खोटं आहे. मागचं लेबल वाचा: कमाल पॉवरचा व्होल्टेज १८च्या आसपास, उघडा (म्हणजे काहीही न जोडता मोजलेला) व्होल्टेज २२च्या आसपास, करंट ५० वॉटला पावणेतीन अँपिअरच्या जवळ. १८ × २.८ = ५० असा गुणाकार जुळला पाहिजे. सेल मोजले तर ३६ भरतात. याला बाजारात ‘१२ व्होल्टचं पॅनल’ म्हणतात.

घराच्या छपरावरचं ३०० वॉटच्या पुढचं मोठं पॅनल स्वस्तात मिळतं म्हणून आणू नका. त्याचा व्होल्टेज ३०च्या वर असतो. साधा कंट्रोलर त्याला ओढून १३ व्होल्टवर आणतो आणि अर्ध्याहून जास्त वीज तिथेच वाया जाते. शिवाय ते १८-२० किलोचं असतं.

बॅटरी

बॅटरी दोन रात्री पुरेल इतकी ठेवा, म्हणजे एक दिवस आभाळ आलं तरी अडत नाही. दोन रात्रींचे २२० वॉट-तास. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली रिकामी केली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून तिथे ४४० वॉट-तासांची, म्हणजे १२ व्होल्ट ४० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी लागते. वजन तेरा-चौदा किलो. लिथियम फॉस्फेट बॅटरी ८० टक्के वापरता येते, म्हणून २५ एएच पुरते आणि वजन तीन किलोच्या आसपास. किंमत जास्त, पण डोंग्यावर दहा किलो वाचणं ही मोठी गोष्ट आहे. परवडत असेल तर लिथियम फॉस्फेटच घ्या.

लेड-ॲसिड घ्यायची तर सीलबंद घ्या. पाणी टाकायची बॅटरी डोंगा कलला की ॲसिड सांडते. ते ॲसिड पत्रा खातं, जाळं खातं आणि पायही भाजतं. इन्व्हर्टरची १५० एएच ट्युब्युलर ५० किलोच्या वर जाते, तिचा विचारही नको. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी पुष्कळ जण वापरतात. ती इंजिन सुरू करायला एका क्षणात भरपूर करंट देण्यासाठी बनवलेली असते, तिच्या प्लेटा पातळ असतात. रोज खोलवर रिकामी केली तर काही महिन्यांतच बसते.

लिथियममध्ये एक फसगत सर्रास होते. ‘१२ व्होल्ट लिथियम’ या नावाखाली दोन वेगळ्या जाती विकल्या जातात. लेबलवर १२.८ व्होल्ट असेल तर ती फॉस्फेट, चार सेलची, ती १४.२ ते १४.६ व्होल्टवर भरते. ११.१ व्होल्ट असेल तर ती तीन सेलची लिथियम-आयन, ती १२.६ व्होल्टलाच पूर्ण भरते. ११.१ वाल्या बॅटरीला १४.४ व्होल्टचा कंट्रोलर लावला तर तिच्या आतल्या बीएमएस या एकाच संरक्षक सर्किटवर सगळी भिस्त राहते, आणि ते फसलं तर बॅटरी पेटू शकते. पाण्याच्या मधोमध अशी आग लागली तर पळायला जागा नसते. १२.८ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

कंट्रोलर

पॅनल थेट बॅटरीला जोडू नका. दुपारी २० व्होल्टच्या आसपास जाऊ शकणारं पॅनल बॅटरी भरल्यावरही तिला भरतच राहतं. मध्ये कंट्रोलर लागतो. दोन प्रकार मिळतात: साधा पीडब्ल्यूएम, जो पॅनलचा व्होल्टेज ओढून बॅटरीच्या पातळीवर आणतो, आणि महाग एमपीपीटी, जो जास्तीचा व्होल्टेज वाया न घालवता करंटमध्ये बदलतो. ३६ सेलचं एकच ५० किंवा ७५ वॉटचं पॅनल असेल तर १० अँपिअरचा पीडब्ल्यूएम बास. एमपीपीटीचा फायदा थंडीत दिसतो, पण आपल्या उन्हाळ्यात तो आटतो. मेमध्ये हवा ४५ अंशांवर असते तेव्हा पॅनलचे सेल ६५ अंशांपर्यंत जातात, आणि दर अंशामागे व्होल्टेज ०.४ टक्क्याच्या आसपास घसरतो. १८चे १५ व्होल्ट उरतात. इतक्या खाली आल्यावर एमपीपीटीला वाचवायला फारसं काही राहत नाही.

हाच १५चा आकडा लक्षात ठेवा, वायर निवडताना तो लागणार आहे.

कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार निवडावा लागतो. स्वस्त कंट्रोलरवर तो बी-१, बी-२, बी-३ अशा खुणांनी येतो, आणि कोणत्या खुणेचा अर्थ काय हे प्रत्येक बनावटीत वेगळं असतं; एकात बी-३ म्हणजे पाण्याची बॅटरी, दुसऱ्यात तेच लिथियम फॉस्फेट. डब्यातला कागद फेकू नका. सीलबंद लेड-ॲसिडला चार्जिंग १४.४ आणि भरल्यावर तिला टिकवून ठेवणारा फ्लोट १३.६ ते १३.८ व्होल्ट. हे आकडे २५ अंशांसाठी असतात. बॅटरी ४० अंशांवर असेल तर १४.४ऐवजी १४च्या जवळ ठेवा, नाहीतर ती आतून सुकते. लिथियम फॉस्फेटला तापमानाची ही दुरुस्ती लागत नाही.

लोड, म्हणजे दिवे आणि मोबाइल, बॅटरी किती उतरल्यावर तोडायचा तेही ठरवा. कारखान्यातून बहुधा १०.७ व्होल्ट लावून येतं. लेड-ॲसिडसाठी ते फारच खाली आहे, ११.६ करा. लिथियम फॉस्फेटला १२ ठेवा.

पत्र्याच्या डोंग्यासाठी एक गोष्ट नीट समजून घ्या. बरेच स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर आतून पॉझिटिव्ह एकत्र असलेले असतात, म्हणजे ते चालू-बंद करण्याचं काम निगेटिव्ह तारेवर करतात. पॅनलची निगेटिव्ह कुठे पत्र्याला टेकली आणि बॅटरीची निगेटिव्हही टेकली, की पत्र्यातूनच वाट मिळते आणि कंट्रोलर बाजूला पडतो. मग बॅटरी भरल्यावरही भरत राहते. दिव्याची निगेटिव्ह टेकली तर बॅटरी संपली तरी दिवा बंद होत नाही. म्हणून मोटारसायकलीसारखं ‘अर्थ बॉडीला’ असं डोंग्यावर कधीच करायचं नाही. प्रत्येक वस्तूला दोन तारा, दोन्ही कंट्रोलरपर्यंत (पंपाच्या बॅटरीपर्यंत) परत.

वायर आणि फ्यूज

घराच्या फिटिंगची एकच जाड तार असलेली वायर वापरू नका. लाटांच्या हादऱ्यांनी ती आत मोडते आणि वरून दिसत नाही. बारीक तारांच्या जुडग्याची, तांब्याची, लवचीक वायर घ्या. समुद्रातल्या शिडाच्या होड्यांवर कथिल चढवलेली तांब्याची वायर वापरतात, कारण खारं पाणी उघडं तांबं काळं करून टाकतं. आपलं पाणी गोडं आहे, साधं तांबं चालतं, फक्त टोकं बंद ठेवायची.

जाडी किती? पॅनलपासून कंट्रोलरपर्यंत ४ मीटर अंतर धरा. जाऊन-येऊन ८ मीटर. १ चौरस मिमी वायरमध्ये २.८ अँपिअरला ०.३९ व्होल्ट वाटेत जातात. २.५ चौरस मिमीमध्ये ०.१६ जातात. दोन दशांशांचा हा फरक किरकोळ दिसतो. पण मेच्या दुपारी पॅनलकडे १५ व्होल्टच आहेत. त्यातून बारीक वायरीचे ०.४ गेले, कंट्रोलर आणि जोडांमध्ये ०.३ गेले, की उरतात १४.३. बॅटरीला हवेत १४.४. ती ९० टक्क्यांवर अडकते आणि लोक म्हणतात पॅनल खराब निघालं. पॅनलकडून येणारी वायर २.५च्या खाली नको. एमसी-४ कनेक्टर (सोलर तारांचे एकमेकांत बसणारे पाणीबंद जोड) लावायचे असतील तर ४ चौरस मिमीची सोलर केबल घ्या, ती त्यात नीट बसते आणि उन्हात तडकत नाही.

सोलर केबलच्या दोन्ही तारा काळ्याच मिळाल्या तर पॉझिटिव्हच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये दोन ठिकाणी लाल टेप गुंडाळा. नंतर कोणीतरी दुरुस्तीला हात घालणारच आहे.

बॅटरीच्या पॉझिटिव्हवर १५ अँपिअरचा फ्यूज, बॅटरीपासून सात इंचांच्या आत. मोटारसायकलीला असतो तोच पात्याचा फ्यूज, झाकणाच्या पाणीबंद होल्डरमध्ये. ऑटो पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळतो. चार जास्तीचे घेऊन बॅटरीच्या डब्यातच ठेवा. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तो कंट्रोलरजवळ बसवला तर बॅटरी ते फ्यूज हा मधला तुकडा संरक्षणाविना राहतो, आणि तोच कापला जाऊन पत्र्याला टेकला तर लालभडक होतो. एका पॅनलला पॅनलच्या बाजूचा फ्यूज लागत नाही. तीन किंवा जास्त पॅनल समांतर जोडली तर प्रत्येकाला वेगळा लागतो.

पंपाची वायर कंट्रोलरच्या लोडवर देऊ नका, स्वतःच्या फ्यूजसह थेट बॅटरीला द्या. पंपावर जो आकडा लिहिला असेल तोच फ्यूज, बहुधा ३ ते ५ अँपिअर. कारण साधं आहे: बॅटरी उतरली म्हणून कंट्रोलरने दिवा तोडला तर चालतं, पंप तोडला तर डोंग्यात पाणी चढतं.

जोड डाग देऊन करू नका. डागापुढची तार ताठ होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच मोडते. तारेच्या टोकाला लावायचा धातूचा लग क्रिम्प करा, म्हणजे पक्कडीने चेपू नका, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबा. मग जोर लावून ओढून पाहा. निघाला तर आत्ताच निघालेला बरा. वरून आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवून लायटरने आवळा. बॅटरीच्या टोकांना नट आवळल्यानंतर वरून व्हॅसलीन लावा, आधी नाही.

बसवणं

पॅनलची जागा सावली ठरवते. ३६ सेल एका माळेत जोडलेले असतात. एका सेलवर माणसाच्या हाताची सावली पडली तरी त्या अर्ध्या पॅनलची वीज थांबते, आणि मग उरलेल्या अर्ध्याचा व्होल्टेज बॅटरी भरायला पुरत नाही. शिडाच्या होडीवर डोलकाठी आणि शिडाची सावली हा त्रास देते. डोंग्यावर तो उभा बांबू, जाळ्यांचा ढीग आणि वल्हवणारा माणूस देतो. म्हणून बहुतेक डोंग्यांवर सगळ्यात मागे, वल्हवणाऱ्याच्या पाठीमागे, काठाच्या उंचीला जवळपास आडवं पॅनल हीच जागा बरी पडते. घराच्या छपरावर आपण पॅनल दक्षिणेकडे २०-२१ अंश कलवतो. डोंगा फिरत राहतो, तिथे या कलाला अर्थ नाही. फक्त पाणी वाहून जाईल इतका, चार-पाच अंशांचा उतार मागच्या बाजूला द्या.

कोपऱ्यांना ॲल्युमिनियमच्या चार पट्ट्या, स्टेनलेसचे बोल्ट, मागे लॉक नट. पॅनलच्या फ्रेमला कारखान्यातून छिद्रं असतात तीच वापरा; फ्रेममध्ये नवं छिद्र पाडताना ड्रिलचं पातं काचेला लागतं आणि पॅनल कामातून जातं. पॅनलखाली दोन इंच हवा खेळू द्या. फळीला चिकटवून बसवलं तर ते आणखी तापतं आणि मघाचे १५ व्होल्ट १४वर येतात.

दोरीने किंवा तारेने बांधून भागवू नका. उन्हाळ्याच्या शेवटी वावधन सुटतं तेव्हा ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यात ५० वॉटच्या पॅनलवर खालून दहा किलोहून जास्त जोर येतो, तोही धक्क्याधक्क्याने. म्हणूनच पॅनल डोक्यावर मांडवासारखं उभारू नका. तितक्याच वाऱ्यात ते खाली असताना डोंगा हलतो, वर असताना उलटतो.

चोरीची भीती असेल तर पट्ट्या डोंग्याला कायमच्या ठेवा आणि पॅनल चार बोल्टांवर निघेल असं करा. मात्र उन्हात, चार्जिंग चालू असताना, एमसी-४ ओढून सोडवू नका. आत ठिणगी पडते आणि जोडाची टोकं जळतात. आधी पॅनलवर चुंगडी टाका.

मागचा जंक्शन बॉक्स खाली तोंड करून असावा आणि त्यातून निघणारी वायर वर जाण्याआधी खाली झोळ घेऊन जावी, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या टोकावरून गळतं, बॉक्सात शिरत नाही. काठाला पाडलेलं प्रत्येक छिद्र रबरी ग्रॉमेट घालून सिलिकॉनने बंद करा. वायर पत्र्याच्या कडेवर घासत असेल तर आज नाहीतर उद्या ती कापली जाणारच.

बॅटरी डोंग्याच्या मध्यरेषेवर, तळाशी, सावलीत. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्याला वरच्या बाजूला दोन लहान छिद्रं ठेवा, कारण लेड-ॲसिड भरताना हायड्रोजन सोडते. डबा तळापासून दोन-तीन इंच वर फळीवर आणि पट्ट्याने बांधलेला हवा; बुडात साचलेलं पाणी आधी तिथेच पोचतं. कंट्रोलर त्या डब्यात ठेवू नका, शेजारी दुसऱ्या लहान डब्यात उभा लावा. तो तापतो, आणि बॅटरीच्या वायूजवळ ठिणगी नको.

जोडायचा क्रम

काम सुरू करण्याआधी पॅनलवर ताडपत्री टाका. ऊन आहे तोवर पॅनलच्या तारांत वीज आहे, तिथे बटण नसतं. बॅटरीच्या फ्यूज होल्डरमधून फ्यूज काढून बाजूला ठेवा.

आधी बॅटरी. कंट्रोलरच्या बॅटरीच्या खुणेवर काळी, मग लाल तार आवळा. दुसरी टोकं बॅटरीला लावा. तारा उलट-सुलट नाहीत ना हे डोळ्यांनी दोनदा पाहा, मगच फ्यूज घाला. उलट जोड लागला तर स्वस्त कंट्रोलर जागीच जळतो. स्क्रीन उजळली, आकडा बॅटरीशी जुळला, की प्रकार निवडा.

मग पॅनल. ताडपत्री अजून वरच आहे. मीटरने पॅनलच्या तारांची दिशा पाहा. झाकलेलं असलं तरी थोडे व्होल्ट दाखवतं, चिन्ह पाहायला तेवढे पुरतात. कंट्रोलरला जोडा, मग ताडपत्री काढा. चार्जिंगचं चिन्ह दिसलं पाहिजे.

शेवटी लोड: दिवे आणि मोबाइलचा १२ व्होल्ट सॉकेट.

बॅटरी आधी लावण्याला कारण आहे. कंट्रोलर बॅटरी पाहून १२ व्होल्टची व्यवस्था आहे की २४ची हे ठरवतो. पॅनल आधी लावलं तर त्याला २० व्होल्ट दिसतात, तो २४ची समजूत करून घेऊ शकतो आणि बॅटरी कधीच नीट भरत नाही. काही कंट्रोलरमध्ये तो उघडा व्होल्टेज सरळ लोडकडे जातो आणि एलईडी उडतात. सोडवताना क्रम उलटा: लोड, पॅनल, शेवटी बॅटरी.

तपासणी

स्वच्छ उन्हात, अकरा ते दोनच्या दरम्यान, पॅनल कंट्रोलरपासून सोडवून मोजा. उघडा व्होल्टेज हिवाळ्यात २१-२२, मेमध्ये १९-२०. मग मीटर १० अँपिअरच्या खोबणीवर लावून पॅनलची दोन टोकं मीटरमधून जोडा: ५० वॉटला अडीच ते तीन अँपिअर यायला हवेत. पॅनलच्या बाबतीत हे सुरक्षित आहे. बॅटरीवर हाच प्रयोग कधीही करू नका, मीटर हातात फुटेल. व्होल्टेज बरोबर आणि करंट निम्मा असेल तर धूळ, सावली किंवा खोटं लेबल. व्होल्टेज निम्मा असेल तर अर्धी माळ बंद आहे. जंक्शन बॉक्सातला बायपास डायोड (सावलीतल्या अर्ध्या माळेला वळसा देणारा भाग) पाहा.

मग सगळं जोडून चार्जिंग चालू असताना पॅनलच्या टोकावर आणि कंट्रोलरच्या पॅनल-स्क्रूवर एकापाठोपाठ व्होल्टेज घ्या. फरक ०.३च्या वर असेल तर वायर बारीक आहे किंवा एखादा जोड ढिला. हात लावून जोड चाचपा, जो गरम लागेल तोच.

बॅटरी किती भरली हे व्होल्टवरून ओळखायचं तर लेड-ॲसिड दोन तास निवांत ठेवून मोजा: १२.७ भरलेली, १२.२ अर्धी, ११.८ म्हणजे रिकामी. लिथियम फॉस्फेटला हे लागू नाही; ती जवळजवळ शेवटपर्यंत १३.२ दाखवते आणि मग अचानक कोसळते.

काय बिघडतं

सगळ्यात जास्त वेळा पॅनल घाण असतं. पाणकावळे आणि बगळे नांगरलेल्या डोंग्यावर पॅनललाच बसायची जागा समजतात. विष्ठेचा रुपयाएवढा ठिपका एका सेलवर सुकला की तो सेल वीज द्यायचं सोडून बाकीच्यांची वीज स्वतःत जिरवतो आणि तापतो. काही महिन्यांत तिथे तपकिरी डाग उमटतो, तो कायमचा. रोज सकाळी तलावाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. धान मळणीच्या दिवसांत भुसा-धूळ इतकी उडते की दोन दिवसांत काच मळकट होते.

दिवे लुकलुकत असतील तर आधी फ्यूज होल्डर उघडा. पात्यांवर हिरवट थर आला असेल तर पॉलिश पेपरने घासून व्हॅसलीन लावा. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज घालून पाहू नका. वायर कुठे घासली आहे ते शोधा. डोंगा काठावर पालथा पडलेला असताना उंदीर वायर कुरतडतात, विशेषतः फळीखालची. कंट्रोलर दुपारी बंद आणि संध्याकाळी पुन्हा चालू होत असेल तर तो तापतो आहे. त्याचा डबा सावलीत हलवा.

विजेवरची मोटर चालेल का

१२ व्होल्टची लहान ट्रोलिंग मोटर पूर्ण वेगात ३० अँपिअर सहज ओढते. ५० वॉटचं पॅनल दिवसभरात १३ एएचच्या आसपास देतं. म्हणजे दिवसभराच्या उन्हावर अर्धा तासही नाही. मोटर लावायचीच असेल तर तिला वेगळी १०० एएच लिथियम फॉस्फेट बॅटरी, १६ चौरस मिमीची वायर, ५० अँपिअरचा ब्रेकर आणि काठावर तिला भरायला दोन मोठी पॅनल असा वेगळा संसार मांडावा लागतो. दिव्याच्या बॅटरीवर मोटर जोडू नका. अर्ध्याहून कमी वेगात चालवली तर करंट फार उतरतो, म्हणून मोटर वल्ह्याला मदत म्हणून वापरणाऱ्यांना ती परवडते.

डोंगा काही महिने बंद ठेवताना

लेड-ॲसिड पूर्ण भरून घरी आणा आणि महिन्यातून एकदा भरा. उतरलेली ठेवली तर प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. लिथियम फॉस्फेट पूर्ण भरून ठेवू नका, निम्म्याच्या थोडी वर ठेवा. दोन्ही कंट्रोलरपासून सोडवा. कंट्रोलर स्वतः १० मिलीअँपिअर खातो. तीन महिन्यांत ते २१ एएचच्या पुढे जातं आणि २५ एएचची बॅटरी जवळजवळ कोरडी होते. एमसी-४च्या उघड्या तोंडांना त्यांच्या टोप्या लावा. टोप्या हरवल्या असतील तर नर-मादी एकमेकांत घालू नका, ऊन लागताच पॅनल शॉर्ट राहील. प्लास्टिकची पिशवी गुंडाळून टेप लावा आणि पॅनल काच आत करून भिंतीला उभं ठेवा.